बुलढाण्याचा नेम

लोकसंख्येच्या मानाने कोणत्या समाजाने किती खेळाडू घडवले याचा हिशेब जेव्हा जेव्हा मांडला जातो, तेव्हा सामोआचे नाव हमखास निघते. दक्षिण प्रशांत महासागरातील या द्वीपराष्ट्राची वस्ती जेमतेम दोन लाखांची, म्हणजे 2011च्या जनगणनेत सुमारे 25 लाख 86 हजार लोकसंख्या नोंदवलेल्या बुलढाणा जिल्ह्याच्या बाराव्या हिश्शाएवढीही नाही. तरीही तेथील रग्बी संघाने 1991च्या विश्वचषकातील आपल्या पहिल्याच सामन्यात वेल्सला त्यांच्याच राजधानीत 16-13 असे हरवले आणि पुढे उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. रग्बी लीग या तेरा खेळाडूंच्या प्रकारात 2022 साली सामोआचा संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियासमोर उभा राहिला. एले ओपेलोगे या महिला भारोत्तोलकाला 2008च्या बीजिंग ऑलिंपिकचे रौप्यपदक मिळाले, तेही अनेक वर्षांनंतर, तिच्या पुढे असलेल्या स्पर्धकांनी उत्तेजक द्रव्ये घेतल्याचे फेरतपासणीत उघड झाल्यावर, आणि ते सामोआचे पहिले ऑलिंपिक पदक ठरले.

या यशाचे सर्वांत सोपे आणि सर्वांत लोकप्रिय स्पष्टीकरण म्हणजे सामोअन माणूस जन्मतःच धिप्पाड असतो, हे होय. ते पूर्णपणे खोटे नसले तरी त्याने फारसे काही उलगडत नाही, कारण केवळ देहयष्टीच्या बळावर संघ उभा राहत नाही. सामोआत किलिकिटी हा क्रिकेटचा स्थानिक अवतार गावोगाव खेळला जातो आणि फाउटासी नावाच्या, चाळीसहून अधिक वल्हेकरी बसणाऱ्या लांबलचक होड्यांच्या शर्यतीत अख्खे गाव आपली प्रतिष्ठा पणाला लावते. शिवाय पोटापाण्यासाठी न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात गेलेल्या कुटुंबांच्या मुलांना तेथील शाळांत व क्लबांत शिस्तबद्ध प्रशिक्षण मिळते आणि पुढच्या वाटाही खुल्या होतात. खेळाडू घडतो तो गाव, मैदान, शिक्षक आणि वाट या चौघांच्या मेळातून. हे सूत्र मनाशी ठेवून बुलढाण्याच्या तिरंदाजीकडे पाहिले, तर एरवी चमत्कार वाटणारी गोष्ट समजण्याजोगी होते.

चमत्काराचा मोह येथेही आहेच. बुलढाणा हे नाव ‘भिलठाणा’, म्हणजे भिल्लांचे ठाणे, या शब्दावरून आले अशी व्युत्पत्ती सांगितली जाते, आणि या जिल्ह्याच्या मुलाने धनुष्यबाणात जग जिंकले की मातीतच ती विद्या होती, असे म्हणण्याची ऊर्मी अनेकांना होते. जिजाऊंच्या सिंदखेडराजाचा जिल्हा म्हणून शौर्याचे रूपकही हाताशी असते. अभिमान म्हणून हे सारे योग्यच आहे, परंतु कारणमीमांसा म्हणून ते टिकत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी पिढ्यानपिढ्या वापरले गेलेले बांबूचे धनुष्य आणि आजच्या स्पर्धेतील कंपाउंड धनुष्य यांच्यात नावापलीकडे फारच थोडे साम्य आहे, आणि बुलढाण्याचे यश या दुसऱ्या धनुष्याचे आहे.

आंतरराष्ट्रीय तिरंदाजीत दोन प्रमुख प्रकार आहेत. रिकर्व्ह हे टोके पुढच्या बाजूला वळलेले, परंपरेच्या जवळचे धनुष्य असून, 1972 साली तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परतली तेव्हापासून तेथे तेच चालत आले आहे. कंपाउंड हा त्यामानाने अलीकडचा शोध आहे. अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी 1960च्या दशकात तो लावला आणि 1969 साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. या धनुष्याच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखी चाके असतात. त्यांना कॅम म्हणतात, आणि त्यांचा आकार मुद्दाम विषम ठेवलेला असतो, त्यामुळे दोरी ओढताना सुरुवातीला पूर्ण ताण जाणवतो, पण दोरी शेवटपर्यंत आली की चाके फिरून तो भार बहुतांशी स्वतःवर घेतात. स्पर्धेत कंपाउंड धनुष्याचा ताण जास्तीत जास्त 60 पौंड, म्हणजे सुमारे 27 किलो असू शकतो. पूर्ण ओढलेल्या अवस्थेत त्यातील 80 टक्के भार कमी झाला, तर तिरंदाजाच्या हातावर अवघे साडेपाच किलोंच्या आसपास ओझे उरते. या घटीला लेट-ऑफ म्हणतात. दोरी बोटांनी न धरता रिलीज या मुठीत मावणाऱ्या उपकरणाच्या आकड्यात अडकवली जाते, दोरीत बसवलेल्या बारीक छिद्रातून पाहायचे असते आणि समोर भिंग लावलेला स्कोप असतो.

यंत्राने एवढी मदत केल्यावर खेळाडूचे काम सोपे होत असेल, हा समज मात्र चुकीचा आहे. मदत सर्वांनाच सारखी मिळते, त्यामुळे चूक करण्याची मुभा कोणालाच उरत नाही. कंपाउंडचे लक्ष्य 50 मीटरवर असते आणि त्यातील दहा गुणांचे वर्तुळ केवळ 8 सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे लहानशा वाटीच्या तोंडाएवढे असते. वैयक्तिक लढतीत दोन्ही खेळाडू पंधरा-पंधरा बाण सोडतात, प्रत्येक बाणासाठी 20 सेकंद मिळतात आणि 150 पैकी ज्याचे गुण अधिक तो जिंकतो. रिकर्व्हमध्ये एक डाव गमावला तरी पुढच्या डावात कोऱ्या पाटीने सुरुवात करता येते. कंपाउंडमध्ये गेलेला गुण शेवटपर्यंत गेलेलाच राहतो. या खेळात श्वास आणि खांद्यामागचे स्नायू नेमके लागतात, पण त्याहून अधिक लागते ते आधीच्या बाणाचा विचार सोडून देण्याचे सामर्थ्य, आणि ते रोज शेकडो बाण सोडूनच अंगी बाणते.

मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत बुलढाण्याच्या प्रथमेश जावकर याने काय साधले, ते या पार्श्वभूमीवर नीट कळते. नेदरलँड्सचा माइक श्लोसर हा 2013 सालचा जगज्जेता आणि त्या वेळचा जागतिक क्रमवारीतील पहिला खेळाडू अंतिम फेरीत त्याच्यासमोर होता. प्रथमेश एकोणीस वर्षांचा होता आणि त्याने ही लढत 149-148 अशी जिंकली. 149 याचा अर्थ असा की पंधरांपैकी चौदा बाण त्या आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात लागले आणि एकच बाण त्याच्या बाहेरच्या नवाच्या कड्यात गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात मेक्सिकोतील हर्मोसियो येथे वर्षभरातील निवडक खेळाडूंच्या विश्वचषक अंतिम स्पर्धेत त्याने श्लोसरला पुन्हा हरवले. अंतिम लढतीत डेन्मार्कच्या मथायस फुलर्टनशी 148-148 अशी बरोबरी झाल्यावर निर्णायक बाणात फुलर्टनचा बाण केंद्राच्या अधिक जवळ लागला आणि प्रथमेशच्या वाट्याला रौप्य आले. मराठी वाचकांनी येथे एक खबरदारी घ्यावी. प्रथमेश फुगे हा महाराष्ट्राचाच दुसरा गुणी कंपाउंड तिरंदाज आहे आणि बातम्यांत या दोन प्रथमेशांची गल्लत होते. भारताच्या पुरुष संघाने 2025 साली ग्वांगजू येथे जागतिक अजिंक्यपद जिंकले, त्या संघातील प्रथमेश हा फुगे होता.

ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत अभिषेक वर्मा, ओजस देवतळे आणि प्रथमेश जावकर यांच्या संघाने दक्षिण कोरियाला 235-230 असे नमवून सुवर्णपदक मिळवले. सांघिक लढतीत तिघे मिळून चोवीस बाण सोडतात, म्हणजे भारताने 240 पैकी केवळ पाच गुण गमावले होते. तिरंदाजीतील कोरियाचा दबदबा ध्यानात घेतला, तर हा विजय त्या स्पर्धेतील भारताच्या सर्वांत मोलाच्या विजयांपैकी एक मानला पाहिजे. हांगझोऊत कंपाउंडची पाचही सुवर्णपदके भारताने जिंकली.

प्रथमेशच्या मागे जशी त्याची मेहनत आहे, तसेच बुलढाण्यातील प्रशिक्षक चंद्रकांत इलग यांचे दीर्घ कामही आहे, आणि या लेखाच्या दृष्टीने ते तितकेच महत्त्वाचे आहे. एकाच शहरातून एकाच खेळात एकापाठोपाठ एक नावे पुढे येऊ लागली की त्यामागे शिकवणारा हात शोधावा लागतो. बुलढाणा पोलीस दलातील मोनाली जाधव यांनी 2019 साली चीनमधील चेंगडू येथे झालेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीत सुवर्ण जिंकले, त्याही याच शहरात घडल्या. ऑगस्ट 2025 मध्ये कॅनडातील विनिपेग येथे युवा जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत एकवीस वर्षांखालील कंपाउंड संघाने सुवर्ण मिळवले, त्या तिघांत मिहीर अपार हा बुलढाण्याचाच मुलगा होता. ज्या शहरात रेल्वे नाही, ज्याचे नेहमीचे स्थानक घाटाखालचे मलकापूर आहे आणि जेथे धनुष्याचा एखादा भाग बिघडला तर तो मोठ्या शहरातून किंवा परदेशातून मागवावा लागतो, तेथे ही परंपरा उभी राहिली आहे.

हे बळ बुलढाण्यापुरते मर्यादित नाही. साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या अकादमीत शिकलेल्या अदिती स्वामीने 2023 साली बर्लिनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी जागतिक अजिंक्यपद मिळवले, आणि तिरंदाजीत वैयक्तिक जगज्जेती होणारी ती पहिली भारतीय ठरली. त्याच दिवशी, त्याच अकादमीत सराव करणाऱ्या नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम लढतीत 150 पैकी 150 गुण घेतले. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे येऊन टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह खेळला. सातारा काय किंवा बुलढाणा काय, दोन्ही ठिकाणी मोठ्या शहरांतील सोयींपेक्षा एका शिक्षकाने वर्षानुवर्षे एका जागी ठाण मांडून राहणे अधिक फळास आले आहे.

आता या खेळापुढे नवे दार उघडले आहे. लॉस एंजेलिसच्या 2028च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा प्रथमच समावेश झाला असून तो केवळ मिश्र दुहेरी स्वरूपात, म्हणजे एक पुरुष आणि एक महिला यांच्या जोडीपुरता आहे. याचा अर्थ असा की अनेक जागतिक दर्जाचे कंपाउंड तिरंदाज असलेल्या भारतातून एकाच पुरुषाला आणि एकाच महिलेला संधी मिळेल. बुलढाण्यातील मुलांची चुरस यापुढे परक्या देशांइतकीच आपल्या देशातील सहकाऱ्यांशीही असणार आहे.

या चुरशीत सर्वांत मोठी अडचण साहित्याची आहे. स्पर्धेच्या दर्जाचे कंपाउंड धनुष्य, बाण, स्कोप आणि रिलीज यांचा एकत्रित खर्च काही लाखांच्या घरात जातो, आणि शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरातील मुलीला तो पेलणे शक्य नसते. खामगाव, मेहकर, चिखली, जळगाव जामोद यांसारख्या ठिकाणच्या शिक्षणसंस्थांनी आणि जिल्ह्याबाहेर स्थिरावलेल्या सधन बुलढाणेकरांनी प्रत्येकी एक धनुष्य शाळेच्या मालकीचे म्हणून विकत घ्यावे आणि ते शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींच्या हाती आळीपाळीने द्यावे.