वाहनाचा रंग व काच यांवरील चिकट अवशेष : स्वरूप, कारणे आणि सुरक्षित निर्मूलन

सारांश :
मोटारीवरील स्टिकर, चिकटपट्टी अथवा काचेवरील फिल्म काढल्यानंतर मागे राहणारा गोंद ही वाहनधारकांची नित्याची अडचण आहे. तो काढण्यासाठी पत्ती, थिनर किंवा पेट्रोल यांचा सर्रास वापर होतो. त्यातून रंग, काच आणि प्रसंगी माणूस यांची कायमची हानी संभवते. प्रस्तुत लेखात चिकटद्रव्याचे रासायनिक स्वरूप, वाहनाच्या पृष्ठभागांची रचना आणि द्रावकांची निवड यांचा परस्परसंबंध स्पष्ट करून निर्मूलनाचा सुरक्षित क्रम मांडला आहे.

बीजसंज्ञा : चिकटद्रव्य, द्रावक, बहुवारिक, क्लिअर कोट, ज्वलनांक.

१. प्रस्तावना :
आपल्याकडे मोटार ही केवळ वाहतुकीचे साधन राहिलेली नाही. लग्नात तिला फुलांच्या माळा चिकटपट्टीने लावल्या जातात, निवडणुकीत पक्षाचे चिन्ह लागते, तर मागील काचेवर कुलदैवताचे किंवा मुलांचे नाव झळकते. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील पथकर नाक्यांसाठी फास्टॅग अनिवार्य झाल्याने समोरील काचेवर आणखी एक स्टिकर आला. त्यापूर्वी एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांवरील काळ्या फिल्मला मनाई केली, तेव्हा असंख्य वाहनधारकांना त्या उतरवाव्या लागल्या होत्या. लावणे सोपे असते. खरी परीक्षा काढताना होते.

प्रस्तुत लेखकाचा या विषयाकडे ओढा निर्माण झाला तो एका साध्या प्रसंगातून. जुनी मोटार विकत घेतल्यावर मागील काचेवरील फिल्म एका गॅरेजमध्ये काढून घेतली. तेथील मुलाने पत्तीने खरवडून पंधरा मिनिटांत काच लख्ख केली. त्याच वर्षी जुलै महिन्यात आंबोली घाट उतरताना मागील काच धुक्याने भरली. काच तापविण्याचे बटन दाबले असता धुके काही पट्ट्यांतच विरले. उरलेल्या काचेतून मागून येणारी वाहने दिसेनाशी झाली. काचेच्या आतील बाजूच्या तापतारा फिल्मबरोबर कापल्या गेल्या होत्या. गोंद काढण्याचे ज्ञान हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नसून सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, हे या प्रसंगाने ध्यानात आले.

२. लेखाची उद्दिष्टे :
१) चिकट अवशेष का उरतो, याची रासायनिक कारणमीमांसा करणे.
२) रंग व काच यांच्या रचनेनुसार योग्य द्रावकाची निवड स्पष्ट करणे.
३) निर्मूलनाचा सुरक्षित क्रम सांगणे.

३. चिकटद्रव्याचे स्वरूप :
स्टिकर व चिकटपट्टी यांवरील गोंद हा 'दाबसंवेदी' प्रकारचा असतो. त्यास पाणी किंवा उष्णता लागत नाही. बोटाचा दाब पुरेसा होतो. रासायनिक दृष्ट्या तो रबर किंवा अ‍ॅक्रिलिक बहुवारिक यांपासून बनलेला असतो. तो एकाच वेळी द्रवासारखा पसरतो आणि घनासारखा धरून ठेवतो. या दुहेरी स्वभावातच त्याचे सामर्थ्य आणि आपली अडचण दोन्ही सामावलेली आहेत.

येथे एक ऐतिहासिक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. दोन रंगांच्या मोटारी रंगविताना कारागीर जी चिकटपट्टी लावीत, ती काढताना ताजा रंगही सोबत निघून येई. अमेरिकेतील सेंट पॉल येथील ३एम कंपनीत काम करणाऱ्या रिचर्ड ड्रू यांनी ही अडचण पाहिली आणि १९२५ मध्ये सौम्य पकडीची मास्किंग टेप तयार केली. म्हणजेच रंगाला इजा न करता सुटणारा गोंद ही कल्पनाच मुळी मोटारीच्या रंगकामातून जन्मास आली.

मग अवशेष का उरतो? पट्टी ओढली असता दोन गोष्टी संभवतात. गोंद पृष्ठभागापासून पूर्णपणे सुटतो, किंवा गोंदाचा थर मधोमध फाटून अर्धा पट्टीवर व अर्धा पृष्ठभागावर राहतो. दुसऱ्या प्रकारात अवशेष उरतो. कडक उन्हात गोंद अतिशय मऊ झाला की त्याची अंतर्गत बांधणी सैल होते आणि तो फाटतो. उलट, वर्षानुवर्षे ऊन व हवा लागून जुना झालेला गोंद कडक होतो आणि त्याचे तुकडे पडतात. रबराच्या गोंदाचे ऑक्सिडीकरण होऊन तो आधी चिकट व नंतर ठिसूळ बनतो. अ‍ॅक्रिलिक गोंद उन्हात तुलनेने अधिक टिकतो. म्हणूनच तो बाहेर लावावयाच्या स्टिकरांसाठी वापरला जातो.

४. पृष्ठभागांची रचना :
कारखान्यात रंगविलेल्या मोटारीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. या सर्वांची एकत्रित जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन, तर क्लिअर कोटची सुमारे ४० ते ५० मायक्रॉन असते. माणसाच्या केसाहून पातळ असा हा थरच रंगाची चकाकी व संरक्षण सांभाळतो. कारखान्यातील रंग भट्टीत तापवून पक्का केलेला असल्याने त्यातील रेणू एकमेकांशी जोडलेले असतात. अशा रंगावर सौम्य द्रावकाचा अल्पकाळ परिणाम होत नाही. गॅरेजमध्ये पुन्हा रंगविलेल्या भागाची मात्र तशी हमी देता येत नाही. काही रंग थिनर लागताच विरघळू लागतात.

काचेची स्थिती निराळी आहे. काच द्रावकांना दाद देत नाही, परंतु ती सर्वत्र सारखी नसते. समोरील काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते, तर बाजूच्या व मागील काचा सामान्यतः उष्णतेने कणखर केलेल्या असतात. मागील काचेच्या आतील बाजूस ज्या बारीक आडव्या रेषा दिसतात, त्या वीजवाहक असतात. प्रत्येक रेष स्वतंत्रपणे दोन्ही कडांच्या पट्ट्यांना जोडलेली असते. त्यामुळे एक रेष कापली गेली तर तेवढीच निकामी होते आणि काचेवर धुक्याचा पट्टा उरतो. शिवाय काचेपेक्षा वाळूचा कण कठीण असतो; पत्तीखाली किंवा फडक्याखाली धूळ राहिली तर ओरखडा हमखास पडतो.

५. द्रावकाची निवड :
'समानात समान विरघळते' हे रसायनशास्त्रातील प्राथमिक तत्त्व येथे उपयोगी पडते. कागदी चिठ्ठी खळीने किंवा डिंकाने लावलेली असेल, तर कोमट पाणी पुरते. म्हणून प्रथम पाण्याने तपासावे. दाबसंवेदी गोंद पाण्यास दाद देत नाही. तो तैलस्वभावी द्रव्यांत मऊ होतो.

यांत सर्वांत सौम्य म्हणजे घरातील खोबरेल तेल. ते गोंद विरघळवीत नाही, परंतु त्यात शिरून त्यास मऊ करते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे धीर धरावा लागतो. दुसरी पायरी म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल. अ‍ॅक्रिलिक गोंदावर व काचेवर ते विशेष उपयुक्त ठरते. रबराच्या जुन्या गोंदासाठी रॉकेल किंवा टर्पेंटाइन अधिक परिणामकारक असते.

थिनर व अ‍ॅसिटोन या वर्गात बसत नाहीत. थिनरमध्ये बहुधा टोल्युइनसारखी तीव्र द्रावके असतात. ती गोंदाइतकीच रंगावरही काम करतात. नखांवरील रंग काढण्याच्या द्रव्यातही अ‍ॅसिटोन असू शकते. आजच्या मोटारींच्या दिव्यांवरील आवरण पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचे असते. अ‍ॅसिटोनच्या स्पर्शाने त्यास बारीक तडे जातात आणि ते धुरकट होते. ही हानी पॉलिशने भरून निघेलच असे नाही.

६. निर्मूलनाचा क्रम :
१) भाग साबणाच्या पाण्याने धुऊन धूळ पूर्णपणे काढावी. काम सावलीत व पत्रा थंड असताना करावे. तापलेल्या पत्र्यावर द्रावक काम करण्यापूर्वीच उडून जाते.
२) स्टिकर अजून लागलेला असेल, तर केस वाळविण्याच्या यंत्राने वीतभर अंतरावरून हाताला सोसवेल इतकीच ऊब द्यावी. कोपरा उचलून, पट्टी पृष्ठभागालगत मागे दुमडत सावकाश ओढावी.
३) राहिलेला गोंद बोटाने चोळून त्याच्या गोळ्या होतात का ते पाहावे. पुष्कळदा निम्मे काम येथेच होते.
४) निवडलेला द्रावक दाराच्या आतील कडेसारख्या आडोशाच्या जागी तपासावा. फडक्यास रंग लागला, अथवा पृष्ठभाग निस्तेज किंवा चिकट झाला, तर तो वापरू नये.
५) द्रावक फडक्यावर घ्यावा, थेट पत्र्यावर ओतू नये. फडके गोंदावर एक-दोन मिनिटे ठेवून मग हलके पुसावे. फडक्याची घडी वारंवार बदलावी, अन्यथा तोच गोंद दुसरीकडे पसरतो.
६) काचेवर पत्ती वापरावयाची झाल्यास ती नवी असावी, काच साबणाच्या पाण्याने ओली असावी आणि पत्ती एकाच दिशेने फिरवावी. मागील काचेच्या आतील बाजूस व रंगावर पत्ती कदापि लावू नये. तेथे तेल किंवा अल्कोहोल, ऊब आणि जुने एटीएम कार्ड पुरेसे आहे; तापतारांवर मात्र तेही न वापरता, रेषांच्या दिशेने केवळ फडके फिरवावे.
७) शेवटी साबणाने धुऊन तेलकटपणा घालवावा. काचेवर राहिलेला तेलाचा पापुद्रा रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश विखुरतो. रंगावर पुन्हा वॅक्स लावावे, कारण द्रावकाने ते निघून गेलेले असते.

गोंद निघाल्यावरही स्टिकरच्या आकाराची छाया दिसत असेल, तर तो अवशेष नव्हे. स्टिकरखालील रंग उन्हापासून वाचलेला आणि भोवतालचा फिकटलेला असतो. ती छाया घासून काढण्याच्या प्रयत्नात क्लिअर कोट झिजतो.

७. मानवी सुरक्षितता :
पेट्रोलचा ज्वलनांक सुमारे उणे ४० अंश सेल्सिअस आहे. म्हणजे आपल्याकडील कोणत्याही ऋतूत त्याची वाफ एका ठिणगीने पेट घेऊ शकते. रॉकेलचा ज्वलनांक ३५ अंशांहून अधिक, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा सुमारे १२ अंश असतो. म्हणून द्रावक आणि केस वाळविण्याचे यंत्र एकाच वेळी वापरू नये. मोटारीच्या आत काम करताना सर्व दारे उघडी ठेवावीत. भिजलेली फडकी डिकीत न कोंबता उघड्यावर वाळवावीत.

आणखी एक बाब दुर्लक्षिता येत नाही. आपली मोटार बहुधा आपण स्वतः साफ करीत नाही. गॅरेजमधील एखादा तरुण उघड्या हातांनी, थिनरचा वास घेत ते काम करतो. टोल्युइनच्या वाफेने डोकेदुखी व चक्कर येते, दीर्घ संपर्काने मज्जासंस्थेस इजा पोहोचू शकते, तसेच त्वचा कोरडी पडून भेगाळते. "लवकर करून दे" असे म्हणताना आपण त्याच्या हाती कोणते द्रव्य देत आहोत, याचा विचार सुशिक्षित वाहनधारकाने करावयास हवा. लेखकाच्या काचेवरील पत्तीमागेही अशीच घाई होती, आणि ती गॅरेजच्या मुलाइतकीच लेखकाचीही होती.

८. निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे स्पष्ट होते की, चिकट अवशेष काढण्याचे साधन गोंदाच्या हट्टीपणावरून न ठरविता त्याखालील पृष्ठभागावरून ठरवावे. पाणी, ऊब, तेल, अल्कोहोल आणि रॉकेल या चढत्या क्रमाने गेल्यास बहुतेक अवशेष निघतात. तीव्र द्रावकाची वेळ क्वचितच येते. उरलेला गोंद उद्याही काढता येतो, परंतु विरघळलेला रंग आणि कापलेली तार परत येत नाही. पदवी वर्गात द्राव्यता व बहुवारिके शिकविताना महाविद्यालयाच्या आवारातील एखादी मोटार हे उत्तम प्रात्यक्षिक ठरू शकेल. विद्यार्थ्याने सूत्रे पाठ करण्याबरोबरच बाटलीवरील नाव वाचून ती कोठे वापरू नये हे सांगितले, तर त्या अध्यापनाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.