भोक बारीक, जखम खोल

तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीसारख्या गावात घरी पाळलेला मोठा पक्षी म्हणजे कोंबडा. देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे आणि परदेशी मकाव पोपट ही शहरातली महागडी हौस. कोंबडा मात्र अंगणातलाच, म्हणून त्याने केलेल्या जखमेला कोणी जखम मानत नाही. खरे तर कुत्र्याच्या चाव्याइतकीच तीही तपासून घ्यायला हवी. चोचीने किंवा पायामागच्या टोकदार काट्याने पडलेले भोक वरून तांदळाएवढे दिसते, पण काटा आत किती गेला ते कातडीवरून कळत नाही. त्याच पायांनी कोंबडा दिवसभर उकिरडा उकरत असतो. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात आणि जिथे हवा पोचत नाही तिथे वाढतात. अरुंद, खोल भोक म्हणजे त्यांना हवी तशीच जागा.

यावर नेहमीचे उत्तर असते, ‘हळद लावली की झाले.’ हळदीचा गुण नाकारायचे कारण नाही, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, ती भोकाच्या तळाशी पोचत नाही आणि वरचे तोंड मात्र बुजवते. चुना आणि शेणाचे तर नावच नको. त्याऐवजी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावे, स्वच्छ फडके बांधावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ‘लहानपणी धनुर्वाताची सुई घेतली होती’ हेही पुरेसे नाही: मळकट जखमेत शेवटच्या डोसाला पाच वर्षे होऊन गेली असतील तर पुन्हा लस लागते. कोणाला भीती रेबीजची वाटते. ती सोडून द्यावी, तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे. घाई करायची ती डोळ्यासाठी. रांगते मूल आणि कोंबडा यांची उंची सारखीच. चोच डोळ्याला लागली तर चोळू नये, दाबू नये, घरातले थेंब घालू नयेत. डोळ्यावर दाब येणार नाही असे झाकून थेट नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. म्हाताऱ्या माणसांच्या पायावरच्या फुगलेल्या शिराही जपाव्यात. ऑस्ट्रेलियात अशा शिरेवर कोंबड्याने चोच मारल्याने एक वृद्धा रक्तस्रावाने दगावल्याची नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. पाय उंच धरून जखम घट्ट दाबून ठेवणे, एवढाच तिथे प्रथमोपचार.

पूर्व विदर्भातला कोंबडबाजार, म्हणजे कोंबड्यांच्या झुंजी, ही याहून गंभीर गोष्ट. तिथे कोंबड्याच्या पायाला धारदार पाते बांधतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेलंगणातल्या जगत्याल जिल्ह्यात अशाच पात्याने जांघेत वार होऊन कोंबड्याचा मालकच गेला. जांघेतली धमनी तुटली तर हातात मिनिटेच असतात. दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून दाबायचे, कापड भिजले तरी ते न उचलता त्यावर दुसरे ठेवायचे आणि १०८ ला फोन करायचा. प्रत्यक्षात लोक जखमी माणसाला लपवतात, कारण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने या झुंजी गुन्हा आहेत आणि दवाखान्यात पोलीस येतील अशी धास्ती असते. धास्ती अगदीच खोटी नाही. पात्याच्या जखमेची पोलिसांना खबर जाऊ शकते. पण परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे की जीव वाचवणे आधी, कायद्याची औपचारिकता नंतर. दोषी असो वा निर्दोष, पोलीस यायचे आहेत म्हणून डॉक्टरला उपचार थांबवता येत नाहीत.