विश्लेषण : खिशात मावणारी पेटी! माउथ ऑर्गन वाजतो कसा, शिकायचा कसा?

नायगाव तालुक्यात सप्ताह असो की एकादशीचे भजन, पेटीशिवाय रंगत येत नाही. याच पेटीचे एक छोटे भावंड जत्रेत खेळण्यांच्या पालावर मिळते. मुले ते दोन दिवस फुंकतात आणि मग ते कपाटात पडून राहते. ते म्हणजे माउथ ऑर्गन, अर्थात हार्मोनिका. त्याला खेळणे समजले जाते, पण ते पूर्ण वाद्य आहे. त्याला वीज लागत नाही, जागा लागत नाही आणि साधे वाद्य काही शे रुपयांत मिळते.

आवाज येतो कुठून?

पेटीत जशा पितळी रीड असतात, तशाच यातही असतात. पेटीला हवा भाता देतो, इथे भात्याचे काम आपली छाती करते. दहा घरांच्या माउथ ऑर्गनमध्ये २० रीड असतात. प्रत्येक घरात एक फुंकल्यावर वाजते, तर दुसरी श्वास आत ओढल्यावर. बासरी किंवा सनई वाजवताना सूर फक्त फुंकरीतून निघतो. इथे आत घेतलेला श्वासही गातो.

पेटीपेक्षा वेगळे काय?

पेटीतून मींड निघत नाही, हा तिच्यावरचा जुना आक्षेप. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, त्यामागे हेही एक कारण होते. ही बंदी सुमारे तीन दशके टिकली. माउथ ऑर्गनच्या काही घरांत मात्र जिभेची आणि तोंडाची ठेवण बदलली की सूर खाली वाकवता येतो. हुंदक्यासारखा वाटणारा तो आवाज इथूनच येतो.

आपल्या कानावर तो कधीपासून?

जर्मनीतील ट्रोसिंगेन गावात मथायस होनर यांनी १८५७ मध्ये माउथ ऑर्गन बनवायला सुरुवात केली आणि पुढे तो जगभर पोहोचला. आपल्याकडे तो घरोघरी गेला सिनेमामुळे. 'सोलवा साल' (१९५८) मधील देव आनंद यांच्या रेल्वेतील गाण्यात माउथ ऑर्गन वाजवला तो तरुण राहुलदेव बर्मन यांनी. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या 'दोस्ती'साठीही (१९६४) त्यांनीच तो वाजवला. 'शोले'त (१९७५) जय ओसरीत बसून माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोर राधा एकेक दिवा मालवत जाते. ते सूर भानू गुप्ता यांचे. त्या प्रसंगात जय आणि राधा एक शब्दही बोलत नाहीत, तरी प्रेक्षकाला सारे कळते.

आरोग्याला फायदा होतो का?

वाजवताना श्वास सावकाश, मोजून घ्यावा आणि सोडावा लागतो. त्यामुळे अमेरिकेत दीर्घकालीन श्वसनविकाराच्या रुग्णांसाठी माउथ ऑर्गनचे वर्ग चालवले जातात. मात्र हा औषधाला पर्याय नाही. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे. चक्कर आल्यासारखे वाटले तर लगेच थांबावे.

सुरुवात कशी करावी?

- दहा घरांचा, 'सी' पट्टीचा माउथ ऑर्गन घ्या. पेटीवर ही पांढरी एक.
- कमी आकड्याची, म्हणजे खर्जाची बाजू डावीकडे धरा.
- चौथ्या घरात फुंकले की 'सा', ओढले की 'रे'. पाचव्यात 'ग' आणि 'म'. सहाव्यात 'प' आणि 'ध'.
- सातव्या घरात क्रम उलटा होतो. आधी ओढून 'नी', मग फुंकून वरचा 'सा'. नवशिके हमखास इथेच अडखळतात.
- एका वेळी एकच घर वाजावे म्हणून शीळ घालताना करतो तसे ओठ करा.
- जोर लावू नका. जोराने रीड बिघडते, सूर मात्र गोड होत नाही.
- तोंड धुऊन वाजवा, झाल्यावर वाद्य तळहातावर झटका. एकाचे वाद्य दुसऱ्याने तोंडाला लावू नये.

दहा घरांच्या या वाद्यात सगळे कोमल सूर सहज मिळत नाहीत. त्यामुळे काही गाणी अडतात. त्यासाठी बाजूला कळ असलेला क्रोमॅटिक माउथ ऑर्गन लागतो, पण तो महाग असतो. सुरुवातीला त्याची गरज नाही. रोज दहा मिनिटे सराव केला तरी एखादी सोपी, ओळखीची चाल जमू लागते. शेजारच्या खोलीतल्या माणसाने कोणते गाणे ते ओळखून गुणगुणायला सुरुवात केली, की पहिली परीक्षा पास!