मूल, पाणी आणि भीति

मूल वाढवितांना आईच्या हातीं सर्वांत स्वस्त असें जें साधन असतें, तें म्हणजे भीति. "तिकडे बागुलबुवा आहे" एवढें एक वाक्य उच्चारलें कीं धांवतें मूल थबकतें, रडतें मूल गप्प होतें आणि आईला आपल्या कामाकडे वळतां येतें. मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आम्हां आयांना तर या साधनाचा मोह फारच. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, परसांत विहीर, आणि पावसाळ्यांत घरामागून वाहणारा व्हाळ! देवबागसारख्या गांवीं तर कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्यें वाळूची अरुंद पट्टी तेवढी आहे. अशा ठिकाणीं नुकत्या चालूं लागलेल्या मुलास पाण्यापासून दूर ठेवावयाचें तर विहिरींत भूत बसविण्यावांचून गत्यंतर काय, असें कोणीही विचारील. माझा मुलगा आतां तीन वर्षांचा आहे. गेलीं दोन वर्षें हाच प्रश्न माझ्या मनांत घोळत आहे. त्याविषयींचे माझे विचार आज आपणांपुढें मांडतें.

प्रथम हें मान्य केलें पाहिजे कीं, धोका काल्पनिक नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणें २०२१ सालीं जगांत अदमासें ३ लक्ष माणसें बुडून मरण पावलीं, आणि त्यांपैकीं जवळ जवळ चतुर्थांश ५ वर्षांखालचीं मुलें होतीं. लहान मुलाचें डोकें शरीराच्या मानानें जड; वांकून पाहतांना त्याचा तोल सहज जातो, आणि घातास बादलीभर पाणीही पुरतें. शिवाय आपण समजतों तसा आरडाओरडा होत नाहीं. श्वास घेण्याचीच धडपड चाललेली असतां ओरडण्यास श्वास कोठून उरणार? सारें कांहीं थोड्याच मिनिटांत, आणि बहुधा निःशब्दपणें, घडून जातें. म्हणून "ओरडलें तर ऐकूं येईल" या भरंवशावर कोणीं राहूं नये.

धोका इतका खरा, तर मग भीति कां घालूं नये? न घालण्याचें कारण असें कीं, ती नेमकी कामाच्या वेळीं उपयोगीं पडत नाहीं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला मोह आवरण्याची शक्ति आलेली नसते. आई जवळ असेपर्यंत भूत विहिरींत असतें. आई आंत वळली आणि पाण्यांत बेडकानें उडी मारली, कीं भुताचा विसर पडतो. तेंच भूत रात्रीं मात्र न चुकतां आठवतें, आणि मूल अंधारांत दचकून उठतें. याहून मोठी हानि पुढें होते. पांच-सहा वर्षांचें मूल एके दिवशीं विहिरींत डोकावतें आणि तेथें भूत नाहीं, हें त्याला कळून चुकतें. त्या दिवसापासून आईच्या शब्दाचें मोल उतरतें. मग "आज उधाण आहे, पाण्यांत उतरूं नको" हा खरा इशाराही त्याच्या लेखीं बागुलबुवाच ठरतो. ज्या शब्दावर उद्यां मुलाचा जीव अवलंबून असणार, तो शब्द आज खोट्यांत खर्चूं नये.

भीतीवांचून मूल वाढवितां येतें, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली, आणि धाक व मार यांवांचून बालशिक्षण कसें चालतें, तें दाखवून दिलें. ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालवाडी सुरू केली. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेनेंच त्याच्या अंगणांत जावें, या त्यांच्या कल्पनेंतून अंगणवाडी जन्मास आली. १९७५ पासून सरकारी योजनेमुळें हा शब्द देशभर गेला. अंगणवाडीचा आणि पाण्याचा संबंध काय, असें कोणी म्हणेल. पण तो मोठा निकटचा आहे. बांगलादेशांत गांवोगांवीं तळीं. तेथें सकाळीं ९ ते दुपारीं १ या वेळांत, म्हणजे आया कामांत गढलेल्या असतांना, लहान मुलें सांभाळणारीं केंद्रें चालविलीं गेलीं, आणि त्या मुलांचें बुडून मरण्याचें प्रमाण पुष्कळच घटलें. तेथें उपयोगीं पडलें तें भूत नव्हे, तर कोणा एकीची जागती नजर.

म्हणून माझ्या मतें, भीतीच्या जागीं तीन गोष्टी याव्यात. पहिली आडकाठी: विहिरीला कठडा व झांकण, परसदाराला मुलाचा हात न पोहोंचेल असा अडसर, आणि काम झालें कीं बादल्या-घंगाळें पालथीं. पावसाळ्यांत पाण्यानें भरणाऱ्या चिऱ्यांच्या जुन्या खाणींनाही कुंपण हवें. तें गांवानें मिळून घालावें. दुसरी राखण, आणि तिसरी पाण्याची खरीखुरी ओळख.

राखणीविषयीं शहरांतील कुटुंबांना मुद्दाम सांगावेंसें वाटतें. चतुर्थीला चाकरमानी मुलाबाळांसह गांवीं येतात, घर माणसांनीं भरून जातें; आणि घरांत वीस माणसें असतांनाच मूल एकटें पडतें. कारण प्रत्येकास वाटतें, दुसरा कोणी पाहत असेल. यासाठीं मूल अमक्याच्या स्वाधीन, असें तोंडानें बोलून ठरवावें, आणि उठतांना दुसऱ्याच्या स्वाधीन करूनच उठावें. विसर्जनाच्या वेळीं तर हें विशेष पाळावें.

ओळखीचें म्हणाल, तर मुलाचा हात धरून किनाऱ्यावर जावें. भरती रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां येते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी अधिक चढतें, समुद्राकडे पाठ करून उभें राहूं नये, हें सारें भुताहून कितीतरी अद्भुत आहे, आणि शिवाय खरें आहे! सहाव्या वर्षापासून पोहणें रीतसर शिकवावें. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या 'श्यामची आई'मध्यें भित्र्या श्यामला आई मार देऊनही पोहावयास धाडते. तिचा मार आज आपण घेऊं नये. पण मुलानें पाण्याला भिऊन राहूं नये, हा तिचा हेतु मात्र अवश्य घ्यावा.

समुद्र कांहीं आपल्या मुलांसाठीं मागें हटणार नाहीं. आज ना उद्यां तीं त्याच्यासमोर एकटीं उभीं राहतील, आणि त्या वेळीं आपण जवळ नसूं. तेव्हां त्यांच्यासंगें असावयाची ती आपण सांगितलेली खरी गोष्ट. ती आजपासूनच सांगावयास लागूं या.