तो तयार नसला तरी सुरुवात करता येते

“त्याचीच तयारी नाही, मग आम्ही काय करणार?” दारूने पोखरलेल्या घरांत हे वाक्य वर्षानुवर्षं बोललं जातं. तोवर बरंच काही करून झालेलं असतं. देवापुढची शपथ, पंढरीची माळ, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दिलेलं वचन, पगार परस्पर आईच्या हातात देण्याचा ठराव, सासर-माहेरच्या लोकांची बैठक. माळ घालून दारू सोडलेली माणसं गावोगाव आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण माळेने सुटली नाही म्हणजे माणूस कामातून गेला, हा घरच्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. त्याच्यावर उपचार असे अजून सुरूच झालेले नसतात. आणि ते सुरू करायला पिणाऱ्याने आधी ‘हो’ म्हणायलाच हवं असं नाही. समुपदेशकाकडे पहिल्या भेटीला बायको, आई, भाऊ यांच्यापैकी कुणी एकट्याने गेलं तरी चालतं.

हा नुसता धीर देण्याचा भाग नाही. पिणारा उपचाराला यावा म्हणून घरच्यांनाच शिकवण्याची एक पद्धत अमेरिकेत विकसित झाली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिची तुलना इतर दोन मार्गांशी केली होती. घरच्यांनी एकत्र येऊन पिणाऱ्याला समोर बसवून जाब विचारायचा, या मार्गाने शंभरातले सुमारे ३० जण उपचाराला आले. घरच्यांना शिकवण्याच्या पद्धतीने ६४ आले.

घरच्यांना शिकवतात ते असं. तो शुद्धीवर असताना त्याच्याशी बोलायचं, त्याच्याबरोबर जेवायचं, त्या वेळेची कदर करायची. पिऊन आला की वाद घालायचा नाही, बाजूला व्हायचं. त्याच्या वतीने साहेबांना ‘ताप आलाय’ असा फोन करायचा नाही, गुत्त्यावरची उधारी फेडायची नाही. उपचाराची गोष्ट काढायची ती रात्री नव्हे. सकाळी, डोकं जड असताना आणि पश्चात्ताप ताजा असताना. दोनच वाक्यांत बोलायचं आणि कुठे जायचं तो पत्ता आधीच हाताशी ठेवायचा. घरात मारहाण होत असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी बायका-मुलांची सुरक्षितता बघायची. त्यासाठी १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे आणि तातडीला ११२.

जायचं कुठे? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. आपला जिल्हा सांगितला की जवळच्या केंद्राची माहिती मिळू शकते. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक. २०२२ साली सुरू झालेली ही मानसिक आरोग्याची सेवा चोवीस तास असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. प्रत्यक्ष जायचं तर जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलातला मानसोपचार विभाग. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली सरकारी मनोरुग्णालयं. मोठ्या शहरांतली वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं. ‘मनोरुग्णालय’ ही पाटी वाचून लोक मागे फिरतात. पण पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात. ब्राउन शुगरच्या, म्हणजे गर्दच्या, व्यसनावरचं अनिल अवचट यांचं लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली आणि मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी केंद्र उभं केलं. साताऱ्याचं परिवर्तन, मुंबईतलं कृपा फाउंडेशन, गडचिरोलीत गावोगाव शिबिरं आणि तालुक्याला क्लिनिक चालवणारं मुक्तिपथ ही आणखी काही नावं. तरीही दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत असं दिसलं, की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळतो.

ओपीडीत पहिल्या भेटीत काय होतं, याची धास्ती मोठी असते. प्रत्यक्षात बराचसा वेळ प्रश्नांत जातो. पहिला घोट किती वाजता घेता? सकाळी हात थरथरतात का? ठरवलेल्यापेक्षा जास्त होते का? पूर्वी नव्वदमध्ये चढायची, आता किती लागते? मध्ये कधी बंद केली होती, तेव्हा फिट आली होती का, भास झाले होते का? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: शेवटची कधी घेतलीत? इथे ‘थोडीशीच’ असं उत्तर देऊ नये. विदेशी मद्याच्या १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, त्यामुळे ‘रोज दोन क्वार्टर’ म्हटलं की डॉक्टरांचं औषधाचं गणित बदलतं. कावीळ, पोटात पाणी, जुन्या गोळ्या हेही सांगावं. सांगितलेलं गोपनीय ठेवण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे.

शेवटचा घोट कधी, हे विचारण्यामागे कारण आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली की मेंदू आणि नसा खवळतात. सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काही जण भ्रमिष्ट होतात. भिंतीवर किडे दिसतात, दारात कुणीतरी उभं आहे असं वाटतं, घरच्या माणसांना ओळखत नाहीत. लोक याला बाहेरची बाधा समजतात आणि देवऋषाकडे नेतात. ही जिवावर बेतणारी अवस्था आहे, हिला दवाखाना लागतो. म्हणूनच खोलीत कोंडून ‘बघू किती दिवस राहतो’ म्हणणं धोक्याचं. डॉक्टर ठरावीक गोळ्या देऊन रोज थोड्या थोड्या कमी करत आणतात आणि हा टप्पा साधारण आठवड्याभरात पार पडतो. घरी करता येईल की भरती व्हावं लागेल, हे मागच्या फिट आणि भासांवरून ठरतं. शिवाय ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, कारण न जेवता पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलंच नसतं. गावात ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावतात, तेव्हा हा पितो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ब-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

जेवणातून नकळत द्यायच्या पावडरींबद्दल जरा थांबून लिहायला हवं. ‘पिणाऱ्याला समजणारही नाही’ अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर असतात आणि गांजलेली बाई मंगळसूत्र मोडून त्या पुड्या आणते. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम हे खरोखरचं, उपयोगी औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. या धाकाने माणूस दारूपासून दूर राहतो. पण तो धाक त्याला माहीत असेल तरच. आमटीत कालवून दिलं आणि तो संध्याकाळी बसला, तर जीव जाऊ शकतो, विशेषतः हृदयाचा किंवा लिव्हरचा त्रास असेल तर. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो आणि खोकल्याच्या काही औषधांतलं अल्कोहोलही बाधतं. जाहिरातीतल्या पुडीत काय आहे हे तर कुणालाच ठाऊक नसतं. डॉक्टरांकडे दारूची ओढ कमी करणारी नॅल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेटसारखी औषधंही आहेत. लिव्हरची तपासणी करून, पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने ती देतात.

शरीर शांत झाल्यावर समुपदेशन. समुपदेशक उपदेश करत नाही. दारूने काय दिलं आणि काय नेलं, हे तो पेशंटच्याच तोंडून काढतो. मग तलफ कधी येते याचा बारकाईने माग घेतात: पगाराचा दिवस, हळदीचा कार्यक्रम, बायकोशी भांडण, कामावरून परतीचा तोच रस्ता. प्रत्येकासाठी आधीच काही ठरवून ठेवतात. मित्राने ग्लास पुढे केला तर नेमकं काय म्हणायचं, ते वाक्य तिथे बसून चक्क म्हणून घेतात. यासाठी दरवेळी मोठा तज्ज्ञच लागतो असंही नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, धोकादायक पातळीवर पिणाऱ्या पुरुषांवर अभ्यास केला, तो २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक, बिगर-तज्ज्ञ माणसांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा आधीच्या १४ दिवसांत अजिबात न प्यायलेल्यांचं प्रमाण या गटात ४२ टक्के होतं, नेहमीची सेवा मिळालेल्या गटात १८ टक्के. व्यसन हाताबाहेर जाण्याआधी बोललं तर थोडक्यातही काम होतं. आपल्याकडे लोक शेवटच्या पायरीवर येतात, याची मला फार हळहळ वाटते.

सगळ्यांनाच भरती व्हावं लागत नाही. घरात आधार नसेल, त्रास तीव्र असेल किंवा बाहेर राहून वारंवार फसलं असेल तर निवासी केंद्र. मुक्तांगणचा कार्यक्रम ३५ दिवसांचा आहे. तिथे पिणाऱ्यांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे आणि स्त्री-रुग्णांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग. पण गल्लोगल्ली निघालेल्या केंद्रांत पेशंट सोडताना डोळे उघडे ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार दारू आणि अंमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थाही मानसिक आजारात मोडतात; म्हणून केंद्राची नोंदणी दाखवा असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. डॉक्टर रोज येतात का, रात्री फिट आली तर कुठे नेता, घरच्यांना भेटता येतं का, सुटल्यावर फॉलोअप कसा असतो, हे विचारा. राहायची खोली आणि संडास बघू द्या म्हणा. ‘आमची माणसं येऊन उचलून नेतील, तुम्ही फक्त पैसे भरा’ असं कुणी म्हटलं तर तिथून निघा. साखळीने बांधणं, सक्तीने डोकं भादरणं, मारहाण हे या कायद्याने निषिद्ध आहे. विरोध करणाऱ्या पेशंटला भरती करण्याची कायदेशीर वाट आहे, पण ती मानसोपचारतज्ज्ञासह दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीतून जाते आणि सुरुवातीला कमाल ३० दिवसांची असते.

गर्द, गांजा, एमडी घेणाऱ्या मुलांच्या आईबापांना पोलिसांचं भय असतं. पण अंमली पदार्थांसाठीच्या एनडीपीएस कायद्यात कलम ६४ अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेतलं जातं.

केंद्रातून घरी आल्यावर खरा प्रवास सुरू होतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, बोलीभाषेत ‘एए’, अमेरिकेत १९३५ साली सुरू झालं. मीटिंग बहुधा शाळेच्या वर्गात, चर्चच्या किंवा समाजमंदिराच्या खोलीत. फी नाही, नोंदवही नाही, आडनाव कुणी विचारत नाही. एकजण उठतो, नाव सांगतो, ‘मी बेवडा आहे’ म्हणतो आणि दहा मिनिटं आपली कहाणी सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. चहा येतो. नव्याला दोन-तीन जण फोन नंबर देतात आणि सांगतात, प्यायच्या आधी फोन कर, नंतर नको. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन, ड्रग्जवाल्यांसाठी नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस. देवाचा उल्लेख कुणाला खटकतो, कुणाला त्याचाच आधार वाटतो. एका गटात मन रमलं नाही तर दुसरा बघावा.

आणि पुन्हा प्यायला तर? बऱ्याच जणांच्या बाबतीत असं होतं, केंद्रातले लोक त्याला ‘स्लिप’ म्हणतात. तेव्हा जुनी फाइल घेऊन त्याच समुपदेशकाकडे शक्य तितक्या लवकर जावं. ‘सगळे पैसे पाण्यात गेले’ हे वाक्य त्या आठवड्यात तरी घरात कुणी बोलू नये. काही दिवस सलग झाली असेल तर पुन्हा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी. गर्दच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाठ असायला हवी. काही आठवडे न घेतल्यावर शरीराची सवय मोडलेली असते आणि जुन्याच मापाने घेतलं तर श्वास थांबू शकतो. माणूस हलवून उठत नाही, ओठ निळे पडलेत, श्वास मंद झालाय असं दिसलं, तर कुशीवर वळवून १०८ ला फोन करा. काय घेतलं होतं हे डॉक्टरांपासून लपवू नका, कारण नॅलोक्सोन नावाचं उताऱ्याचं इंजेक्शन मिनिटांत काम करतं, पण ते कशासाठी द्यायचं हे त्यांना कळायला हवं.