घोट्याचा अस्थिभंग आणि ‘शीर’ या शब्दाची अडचण

पाय घसरून पडलेला मराठी माणूस डॉक्टरांपुढे बसतो तेव्हा ‘घोटा मुरगळला’, फार तर ‘शीर तुटली’, असे सांगतो. रक्तवाहिनी, मज्जातंतू, हाडाला हाडाशी बांधणारा अस्थिबंध आणि स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा या चौघांनाही त्याच्या बोलीत ‘शीर’च म्हणतात. सुश्रुतसंहितेने मात्र शिरा, स्नायू व कंडरा निरनिराळ्या मोजल्या असून सोळा कंडरांपैकी चार पायांत सांगितल्या आहेत. (त्या ग्रंथातील ‘पेशी’ म्हणजे आजचा स्नायू, आणि आजची ‘पेशी’ ही निराळीच वस्तू, हा परिभाषेचा आणखी एक घोळ.)

बोलीतील ही संदिग्धता क्ष-किरणचित्राने दूर होत नाही, कारण त्यात मोडलेले हाड स्पष्ट उमटते, कंडरा सहसा उमटत नाही. अपवाद एक: बाहेरच्या घोट्याच्या कडेची लहानशी कपची निघालेली दिसली, तर त्यामागून जाणाऱ्या कंडरांना जागी धरणारा पट्टा सुटल्याची ती खूण होय. एरवी हाताने तपासण्यावाचून गत्यंतर नाही. रुग्णास पालथे निजवून पोटरी हळूच दाबावी. टाचेची कंडरा शाबूत असल्यास पाऊल खाली वळते, पूर्ण तुटली असल्यास बहुधा निश्चल राहते. ‘पाऊल खाली दाबा’ असे सांगून खात्री करणे फसवे, कारण तेवढे काम शेजारच्या कंडरा करून दाखवितात. शंका उरल्यास सोनोग्राफी किंवा एमआरआय करावे.

दोन्ही इजा एकत्र असल्या की उपचारांत खरा पेच पडतो. मोडलेल्या घोट्याला प्लास्टर घालताना पाऊल सामान्यतः काटकोनात ठेवतात. टाचेच्या तुटलेल्या कंडरेची टोके जुळण्यासाठी ते खाली झुकलेले हवे. केवळ हाडाकडे पाहून घातलेले प्लास्टर ती टोके एकमेकांपासून ओढून धरते. म्हणून, त्वचेची सूज ओसरल्यावर, हाड पट्टी व स्क्रूंनी पक्के करून त्याच वेळी कंडरा शिवणे हा मार्ग पुष्कळदा श्रेयस्कर ठरतो. हाड स्थिर झाले की पाऊल निर्धास्तपणे झुकते ठेवता येते, व पुढील काही आठवड्यांत क्रमाने काटकोनात आणता येते.

कंडरेकडे दुर्लक्ष झाल्यास ते प्लास्टर उतरल्यावर उघड होते. रुग्णास एका पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नाही. तोवर टोके आक्रसून दूर गेलेली असतात, साधी शिवण बहुधा पुरत नाही, आणि कित्येकदा पायाचा अंगठा वाकविणारी कंडरा टाचेकडे वळवून आणावी लागते.