गावाकडच्या आई-बाबांसाठी स्मार्टफोन, टॅबलेट की कीपॅड? विकत घेण्याआधी हे तपासा

दिवाळीचा सेल जवळ आला की मला एक मेसेज हमखास येतो: "आईसाठी सोपा फोन घ्यायचाय, कुठला घेऊ?" विचारणाऱ्याला मॉडेलचं नाव हवं असतं. पण मॉडेल दर सहा महिन्यांनी बदलतात. शिवाय रॅम, मेगापिक्सेल, गेमिंग वगैरे आपण स्वतःसाठी जे बघतो, त्यातलं फारसं काही सत्तरीतल्या माणसाच्या उपयोगाचं नसतं. म्हणून आज मॉडेल सांगत नाही, निवडायची पद्धत सांगते.

उदाहरण माझ्याच घरचं घेऊ. माझी आई ७२ वर्षांची आहे आणि रायगड जिल्ह्यात दिवेआगरला राहते. मागे नारळी-पोफळीची वाडी, पुढे ओटी, असं जुनं कौलारू घर. मी पुण्यात, भाऊ ठाण्यात. म्हणजे फोन अडला तर "दे इकडे, मी करते" म्हणायला घरात कोणी नाही. दुकानात सोपा वाटलेला फोन अशा घरात अवघड का होतो, याची कारणं तीन: तिथलं नेटवर्क, तिथली वीज आणि मदतीला असलेली माणसं. डिव्हाइसचा विचार त्यानंतर करायचा.

१. आधी कामांची यादी करा

आई-बाबांना विचारा, "तुला फोनवर काय काय करायचंय?" उत्तर आपल्या अंदाजापेक्षा छोटं असतं. आईची यादी अशी होती: नातवाला बघून बोलायचं, दुपारी यूट्यूबवर कीर्तन ऐकायचं, वाडीत असताना कुणाचा फोन आला तर तो कळायला हवा, लाइट बिल भरायचं आणि नोव्हेंबरमध्ये पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा.

आता यातली रोजची कामं आणि क्वचितची कामं वेगळी काढा. हयातीचा दाखला वर्षातून एकदाच लागतो. त्यासाठी २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ही ऑनलाइन सोय आहे आणि २०२१ पासून तो चेहरा दाखवूनही देता येतो. सुपारी सोलून, भांडी घासून बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन ते ओळखत नाही. अशांना चेहऱ्याची सोय फारच उपयोगी पडते. आणि हे काम त्यांच्याच फोनवर व्हायला हवं असं नाही. तुम्ही घरी गेलात की तुमच्या अँड्रॉइड फोनवरून त्यांचा दाखला देता येतो. लाइट बिलही आपण इकडून भरू शकतो. मग रोजची कामं उरली तीन: व्हिडिओ कॉल, यूट्यूब आणि साधा फोन. डिव्हाइस या तिघांसाठी निवडायचं.

२. नेटवर्क घरात उभं राहून तपासा

कंपनीच्या नकाशावर गाव रंगवलेलं दिसलं म्हणजे माजघरात रेंज आहे असं नाही. जाड भिंती आणि दाट झाडी यांनी सिग्नल कमी होतो. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा दोन-तीन कंपन्यांची सिम असलेले फोन घेऊन ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि वाडी अशा चारही ठिकाणी व्हिडिओ कॉल लावून बघा.

आणखी एक गंमत. हीच चाचणी मंगळवारी दुपारी आणि शनिवारी रात्री, अशी दोनदा करा. दिवेआगरला सुट्टीच्या दिवशी पर्यटक भरपूर येतात. टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. त्यामुळे मंगळवारी मस्त चालणारा व्हिडिओ कॉल शनिवारी अडखळतो. मुलं-नातवंडं नेमकी शनिवार-रविवारीच फोन करतात! आम्ही म्हणूनच व्हिडिओ कॉलची वेळ रविवारी सकाळी सातची ठरवली. फोन न बदलता निम्मी तक्रार मिटली.

घरात फायबर असेल तर फोनमध्ये 'वायफाय कॉलिंग' सुरू करा. मग टॉवरची रेंज नसलेल्या खोलीतही साधे कॉल वायफायवरून लागतात. मात्र फोन आणि सिम कंपनी दोन्हींमध्ये ही सोय हवी.

३. लाइट गेल्यावर काय चालेल?

किनारपट्टीवरच्या घरासाठी हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन तालुक्यात विजेचे खांब पडले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. आमचं आईशी चार दिवस बोलणं झालं नाही. तिच्याकडे फोन होता, पण तो चार्ज करायला वीज नव्हती आणि टॉवरही बंद होता.

असं का होतं ते समजून घ्या. टॉवरला बॅटरी आणि जनरेटर असतो, पण रस्त्यावर झाडं पडून डिझेल पोचलं नाही की तोही बंद पडतो. जुन्या लँडलाइनला तांब्याच्या तारेतूनच एक्सचेंजची वीज मिळायची, म्हणून लाइट गेली तरी तो फोन वाजायचा. फायबरमधून फक्त प्रकाश येतो. त्यामुळे घरातल्या राउटरला वेगळी वीज लागते आणि लाइट गेली की नेटही जातं.

उपाय तीन आहेत. राउटरसाठी मिनी यूपीएस मिळतो, तो काही तास काढतो. घेताना राउटरच्या ॲडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. दुसरा उपाय म्हणजे ५,००० एमएएच किंवा त्याहून मोठ्या बॅटरीचा फोन आणि सोबत पॉवर बँक. ती महिन्यातून एकदा चार्ज करायची, कॅलेंडरवर खूण करून. तिसरा उपाय म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला साधा कीपॅड फोन. एका कंपनीचा टॉवर पडला तरी दुसऱ्याचा चालू असण्याची शक्यता असते, आणि कीपॅडची बॅटरी कमी वापरात कित्येक दिवस टिकते. फक्त लक्षात ठेवा, जिओचं नेटवर्क टूजी नाही, त्यामुळे जुना टूजी कीपॅड फोन जिओच्या सिमवर चालणार नाही. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमानुसार कंपन्यांना फक्त कॉल-एसएमएसचे प्लॅनही द्यावे लागतात. या दुसऱ्या फोनला तोच प्लॅन पुरतो.

४. आता पर्याय बघू

४जी कीपॅड फोन: बटणं हाताला कळतात, बॅटरी टिकते, पडला तरी फारसं बिघडत नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'यूपीआय १२३पे' मुळे कीपॅडवरूनही पैसे देता येतात. पण स्क्रीन छोटी असते आणि व्हॉट्सॲपचा भरवसा नाही. कायओएसवाल्या कीपॅड फोनवर ते २०२४ च्या मध्यापासून नव्याने डाउनलोडच करता येत नाही. नातवाचा चेहरा बघायचा असेल तर हा एकटा पुरणार नाही.

टॅबलेट: मोठी स्क्रीन, मोठी अक्षरं. कीर्तन आणि व्हिडिओ कॉल दोन्हीला उत्तम. एकाच ठिकाणी स्टँडवर ठेवून वापरायचा असेल तर जरूर घ्या. पण स्वस्त टॅबलेट बरेचदा फक्त वायफायचे असतात. घरात ब्रॉडबँड नसेल तर सिमवालाच घ्या. आणि तो वाडीत खिशात घालून नेता येत नाही, हेही आहेच.

स्मार्ट स्पीकर किंवा डिस्प्ले: बोलून चालतो म्हणून मोह पडतो. पण त्याला सतत वायफाय लागतं आणि बहुतेक मॉडेल थेट विजेवर चालतात. अलेक्साशी आपल्याकडे हिंदी किंवा इंग्रजीत बोलावं लागतं, मराठीत नाही. पक्की वीज आणि फायबर असलेल्या शहरातल्या घरात ठीक, दिवेआगरच्या पावसाळ्यात नाही.

अँड्रॉइड स्मार्टफोन: सगळी कामं होतात, मराठी मेन्यू आहे, आणि जीबोर्डच्या माइकवर मराठीत बोललं की टाइप होतं. अडचण एकच, तो आपल्यासाठी बनवलेला असतो. तो त्यांच्यासाठी आपल्याला बनवावा लागतो.

तुमचा जुना फोन: फुकट म्हणून देऊ नका. आधी दोन गोष्टी बघा: बॅटरी दिवसभर टिकते का, आणि सिक्युरिटी अपडेट अजून येतात का. दोन्ही उत्तरं 'नाही' असतील तर तुमची अडगळ त्यांच्या गळ्यात पडतेय. जुना आयफोन देणार असाल तर आयओएस १७ पासून त्यात 'असिस्टिव्ह ॲक्सेस' आहे. त्यात मोजकी ॲप मोठ्या चौकोनांत दिसतात.

आमच्या घरी शेवटी अँड्रॉइड फोन आणि कीपॅड फोन अशी जोडी ठरली. अँड्रॉइड घेताना मी एक गोष्ट मुद्दाम केली. शेजारच्या घरातली कॉलेजला जाणारी मुलगी ज्या कंपनीचा फोन वापरते, त्याच कंपनीचा घेतला. आई अडली की तिलाच हाक मारणार. तिला तो मेन्यू पाठ आहे. जवळचं सर्व्हिस सेंटर श्रीवर्धनला आहे, माणगावला आहे की थेट पुण्यालाच, हेही घेण्याआधी विचारा.

५. हातात देण्याआधीची सेटिंग

नवा फोन खोक्यातून काढून तसाच देऊ नका. एक तास काढा आणि एवढं करा:

- भाषा मराठी, अक्षरं मोठी, रिंगचा आवाज पूर्ण. बऱ्याच फोनमध्ये 'इझी मोड' किंवा 'लाइट मोड' असतो, तो सुरू करून बघा.
- होम स्क्रीनवर फक्त पाच-सहा चिन्हं. बाकी ॲप काढा किंवा लपवा, त्यांची नोटिफिकेशन बंद करा.
- घरच्या चार-पाच माणसांचे फोटोसह शॉर्टकट. नाव वाचण्यापेक्षा चेहरा पटकन ओळखू येतो.
- बोटाच्या ठशाऐवजी पिन. कारण वर सांगितलंच आहे.
- व्हॉट्सॲपमध्ये अनोळखी कॉल 'सायलेन्स', ग्रुपमध्ये फक्त कॉन्टॅक्टमधल्यांनाच टाकता येईल असं सेटिंग, आणि फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद. स्टोरेज भरून फोन मंदावण्याचं कारण बहुतेक वेळा 'गुड मॉर्निंग' असतं!
- इमर्जन्सी अलर्ट सुरू ठेवा. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने पाठवलेला तो मोठ्याने वाजणारा चाचणी संदेश आठवतोय? तीच यंत्रणा. वादळाच्या इशाऱ्यासाठी ती कामाची आहे.
- ११२ शिकवा. स्क्रीनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसत असलं तरी ११२ लावून बघायचा.

पावसाळ्यात चार्जिंगच्या जागी ओल आहे असा इशारा आला तर घाबरायचं नाही. फोन पुसून तसाच सुकू द्यायचा, ओल्या पिनेत चार्जर खुपसायचा नाही.

६. पैशाचं काय?

बहुतेक मुलं या भीतीने फोनच देत नाहीत. भीती खरी आहे, पण उपाय आहेत. आई-बाबांचं मुख्य बचत खातं यूपीआयला जोडू नका. थोडी रक्कम असलेलं वेगळं खातं जोडा. किंवा ऑगस्ट २०२४ मध्ये आलेलं 'यूपीआय सर्कल' वापरा. यात खातं तुमचं, पैसे ते देतात. प्रत्येक व्यवहाराला तुमची मंजुरी घ्यायची, किंवा महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत मर्यादा घालून द्यायची, हे तुम्ही ठरवता.

आणि एक कागद फोनच्या कव्हरमागे चिकटवा: "पोलीस, बँक, लाइट ऑफिस कुणीही फोनवर पैसे मागितले तर ठेवून द्यायचा आणि मुलीला फोन करायचा." 'डिजिटल अटक' नावाचा प्रकार कायद्यातच नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन. उशीर झाला की पैसे अडवणं कठीण होतं. आणि असं झालं तर त्यांच्यावर ओरडू नका. ओरडा बसेल या भीतीने माणसं गप्प बसतात आणि मौल्यवान तास जातात.

स्क्रीन शेअरिंगबद्दलही ठरवून टाका. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन शेअर होते, त्यामुळे लांबून मदत करणं सोपं झालंय. पण हीच युक्ती भामटेही वापरतात. म्हणून नियम एकच: स्क्रीन फक्त घरच्यांना दाखवायची, आणि तीही तुम्ही स्वतः त्यांना फोन केला असेल तर.

७. शिकवताना

एका आठवड्यात एकच काम. फोन त्यांच्याच हातात राहिला पाहिजे, आपण फक्त तोंडाने सांगायचं. पायऱ्या त्यांच्याच अक्षरात वहीत लिहायला लावा. आईच्या वहीत 'हिरवं टोपण दाब, मग बाळाचा फोटो दाब' असं लिहिलंय. मी 'व्हॉट्सॲप ओपन कर' असं लिहून दिलं असतं, तर ते तिला दुसऱ्या दिवशी उपयोगी पडलं नसतं.

थोडक्यात क्रम असा: रोजची कामं, घरातलं नेटवर्क, लाइट गेल्यावरची सोय, मदतीला धावणारं माणूस, आणि मग डिव्हाइस. या क्रमाने गेलात तर बजेट फारसं वाढत नाही. उलट महागड्या मॉडेलचे वाचलेले पैसे पॉवर बँक आणि दुसऱ्या सिमला पुरतात. सेल सुरू व्हायच्या आधी एक शनिवार-रविवार गावी जाऊन या आणि चारही खोल्यांत रेंज तपासा. ऑर्डर परत आल्यावर करा.